आत्यांचा टॅब आणि तीन मलकापूर

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. लग्न होऊन मी कोल्हापुरात आले तेव्हा आत्यांबद्दल दोन गोष्टी मला आधीच सांगून ठेवल्या होत्या. एक, त्या पत्रिका करतात. आणि दुसरी, त्यांच्यापुढे उगाच गोड बोलायला जायचं नाही, त्यांना ते लगेच कळतं. मी रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. पत्रिकेवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, बरं झालं, घरात एक तरी माणूस माझ्याकडं काही विचारायला येणार नाही.

आत्यांचं माहेर हुपरीचं. वडील घरातच चांदीचे पैंजण करायचे, आणि पंचांगाचं त्यांना वेड होतं. पैंजणाच्या कड्या जोडता जोडता ते थोरल्या मुलाला ग्रहांची गणितं शिकवायला बसायचे. मुलगा कंटाळायचा, आणि शेजारी बसून नुसतं ऐकणारी धाकटी मुलगी उत्तर आधी सांगायची. मग त्यांनी मुलाला सोडलं आणि मुलीला धरलं. शाळा सातवीला सुटली, पण हे शिक्षण लग्न होईपर्यंत चाललं.

त्यांची पत्रिका करण्याची पद्धत मी पुष्कळ वर्षं पाहिली. जन्मवेळ विचारायची, गाव विचारायचं, त्या गावचा सूर्योदय काढायचा, पंचांगातले बारीक आकडे घ्यायचे आणि मग गुणाकार-भागाकार करत बसायचं. दुपार त्यात जायची. आलेलं माणूस समोर पाटावर चहा पीत बसलेलं असायचं आणि आत्यांचं तोंड कागदात. पैसे त्या घेत नसत. कुणी नारळ ठेवला तर त्याची चटणी करून त्याच माणसाला वाढत.

तीनेक वर्षांपूर्वी त्यांना आकडे दिसेनासे झाले. आधी वाटलं चष्मा बदलायला आला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या पडद्याची मधोमध झीज झाली आहे, चष्म्यानं फरक पडणार नाही. कडेचं दिसेल, मधलं पुसट राहील. म्हणजे दारात कुणी आलं की त्यांना कळायचं, पण त्याचा चेहरा दिसायचा नाही. पंचांगाचं पान म्हणजे नुसता राखाडी पट्टा.

त्यावर त्या कुणापाशी रडल्या नाहीत. घरातलं सगळं हातानं चाचपून करायला लागल्या. पण पत्रिका बंद केल्या. लोक यायचे, त्यांना चहा मिळायचा, आणि आत्या सांगायच्या की आता दुसरीकडं बघा. मी आकडे वाचून दाखवते म्हटलं, काही दिवस करूनही पाहिलं. पण मी ओळ चुकायचे. लॅबमध्ये यंत्रावरचे आकडे वाचणं निराळं आणि पंचांगाच्या त्या कोष्टकात बोट फिरवणं निराळं. एकदा मी चंद्राच्या जागी बुधाचा आकडा सांगितला. त्यांनी गणित पुरं केलं, मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. दुसऱ्याच्या लेकराचं हाय, अंदाजानं करायचं न्हाय."

त्या दिवसापासून पंचांग फडताळात गेलं आणि आत्या दुपारच्या झोपायला लागल्या. दुपारी झोपणाऱ्या आत्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मला ते सहन होईना, म्हणून मी मोबाइलवर पत्रिकेचं ॲप शोधायला लागले.

शोधायला गेल्यावर कळलं की ॲपांना तोटा नाही. मात्र बहुतेकांना पत्रिका करायची नसते, माणूस धरायचा असतो. पहिल्यानं उघडल्या उघडल्या मोबाइल नंबर मागितला, आणि दुसऱ्या दिवसापासून मला लॅबमध्ये फोन यायला लागले, की ताई तुमच्यावर फार मोठं संकट आहे. दुसऱ्यानं नंबर मागितला नाही, पण दर सकाळी पडद्यावर लाल अक्षरं यायची. शनी तुमच्यावर कोपला आहे, उपाय जाणण्यासाठी आत्ताच बोला. मी ते आत्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे पत्रिका बघत न्हाय, भ्या दावतंय. काढून टाक."

तिसरं मराठीत होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. नवऱ्याची माहिती भरल्यावर त्यानं सांगितलं की तुमचा गुरू जळालेला आहे, वाहन जपून चालवा. आत्यांना आधी काही कळेना. मग लक्षात आलं की सूर्याच्या फार जवळ गेलेल्या ग्रहाला आपल्याकडे अस्तंगत म्हणतात, आणि या यंत्रानं इंग्रजीतून त्याचं जळालेला करून ठेवलं आहे. डोळे गेल्यापासून आत्या पहिल्यांदा पोट धरून हसल्या. पुढं कित्येक दिवस कुणाचा आवाज उतरलेला असला की त्या त्याला विचारायच्या, का रे, गुरू जळाला काय.

चौथ्यात शनी भलत्याच राशीत आला. नवऱ्याची पत्रिका आत्यांना तोंडपाठ आहे, त्यामुळं तीच आमची चाचणी होती. मी एकेक ग्रह वाचायचा आणि त्यांनी मान हलवायची. चौथ्या ॲपपाशी मान हलेना. त्यांनी मला आणखी दोन-तीन ग्रह विचारले, बोटांवर काही मोजलं आणि सांगितलं की हे चुकीचं नाही, हे साहेबांचं गणित आहे, ते राशी निराळ्या ठिकाणाहून मोजतात. आपल्या कामाचं नाही. मी नंतर वाचून पाहिलं, ते तसंच होतं. ज्या बाईनं आयुष्यात परदेशी पत्रिका पाहिली नव्हती तिनं तीन ग्रहांच्या फरकावरून ते ओळखलं, याचं मला फार कौतुक वाटलं. मी तसं बोलून दाखवलं नाही, कारण गोड बोललेलं त्यांना चालत नाही.

असं बरेच दिवस चाललं. आत्यांनाही त्यात गोडी लागली. मी लॅबमधून आले की त्या विचारायच्या, आज कुठलं आणलंस. आणि एका रविवारी यादीच्या पार तळाला एक साधं ॲप सापडलं. त्याला सोनेरी किरणं नव्हती, दाढीवाल्या महाराजांचं चित्र नव्हतं. नंबर मागितला नाही. जन्मतारीख, वेळ, गाव, आणि पुढच्या क्षणी आपल्याकडची चौकटीची पत्रिका, खाली ग्रहांचे अंश आणि त्याहून बारीक कला, शुद्ध मराठीत. भविष्य कुठंच नव्हतं. नुसतं गणित. मी वाचत गेले आणि आत्यांची मान हलत गेली. शेवटचा केतू झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे ज्यानं केलंय त्याला पंचांग कळतंय. ह्योच ठेव."

आता अडचण होती माझ्या फोनची. त्यावर पत्रिका काड्यापेटीएवढी दिसायची, आणि मोठी करायला गेलं की अर्धी बाहेर जायची. म्हणून आम्ही राजारामपुरीतल्या एका दुकानात टॅब घ्यायला गेलो. दुकानदारानं विचारलं, मुलांच्या अभ्यासाला का. मी म्हटलं, नाही, सासूबाईंना, पत्रिका करायला. तो हसला नाही. त्यानं आत्यांना स्टूल दिलं, काचेतले टॅब एकेक करून बाहेर काढले, प्रत्येकावर अक्षरं मोठी करून त्यांच्या हातात दिले. आत्या मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं बघायच्या. मग त्यानं स्वतःच्या मनानं पडदा काळा केला आणि अक्षरं पांढरी केली. आत्यांनी तो टॅब खाली ठेवलाच नाही. काळ्यावरची पांढरी अक्षरं, एका वेळी दोन-तीन, पण त्यांना वाचता येत होती.

शिकायला वेळ लागला. सुरुवातीला त्या पडद्यावर बोट असं दाबायच्या की वाटावं भाकरी थापतायत. टॅब एकाच्या जागी तीन गोष्टी उघडायचा. मी किती समजावलं तरी बोट हलकं होईना. शेवटी त्यांनाच युक्ती सापडली. लहानपणी पैंजणाची बारीक कडी चिमटीत धरताना जसा हात राहायचा तसा ठेवायचा. त्यानंतर बोट बरोबर पडायला लागलं. टॅबला वाचून दाखवायलाही येत होतं. एक बाई कोरड्या आवाजात मराठी बोलायची आणि 'वृश्चिक'वर दरवेळी अडखळायची. आत्या तिला दुरुस्त करायच्या.

पहिली पत्रिका त्यांनी स्वतःच्या बोटांनी केली ती शेजारच्या तान्ह्या मुलीची. सगळं भरलं, बटण दाबलं आणि पत्रिका समोर. मी जवळ उभी होते. मला भीती वाटली होती की त्यांना वाईट वाटेल; ज्याला आपली अख्खी दुपार जायची ते हा काचेचा तुकडा पापणी लवायच्या आत करतो, हे पाहून माणूस खचू शकतो. त्यांनी मान तिरकी करून एकेक घर वाचून काढलं. मग म्हणाल्या, "माझा अर्धा जन्म गुणाकारात गेला की गं." आणि थोड्या वेळानं, "बाबांस्नी दावायला पायजे हुतं."

वाईट वाटलं नव्हतंच. त्या दुपारपासून घरात पुन्हा माणसं यायला लागली, आणि एक बदल मला दिसला. पूर्वी आत्यांचं तोंड कागदात असायचं. आता पत्रिका झटकन व्हायची आणि उरलेला सगळा वेळ त्या माणसाशी बोलण्यात जायचा. चेहरा दिसत नव्हता म्हणून त्या जास्तच कान देऊन ऐकायच्या. एकदा एक बाई मुलाच्या नोकरीचं विचारायला आली आणि पत्रिका उघडायच्या आधीच तासभर स्वतःचंच बोलून, डोळे पुसून, हलकी होऊन गेली. मी म्हटलं, आत्या, तुम्ही तर काहीच सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, मला तरी कुठं काय विचारलं तिनं.

हे सगळं मी सांगते आहे ते पुढं जे झालं त्यासाठी.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मलकापूरहून एक बाप-लेक आले. मलकापूर म्हणजे आपलं शाहूवाडी तालुक्यातलं, रत्नागिरीच्या रस्त्यावरचं. बापाच्या चार म्हशी आणि थोडं शेत, बोलणं कमी. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला, त्याच विषयात शिकलेली. तिचं लग्न गडहिंग्लजच्या एका घरात ठरलं होतं. मुलाच्या वडिलांचं तिथं खतांचं दुकान. त्यांना मोबाइलवर पत्रिका जुळवायची हौस होती, आणि त्यांनी स्वतःच दोघांच्या पत्रिका काढून, गुण मोजून, होकार दिला होता. हे बाप-लेक आत्यांकडे आले होते ते फक्त दोन तारखांमधली बरी कुठली ते विचारायला.

आत्यांनी मुलीची जन्मवेळ विचारली आणि टॅबवर पत्रिका काढली. मुलीकडे सासऱ्यांनी पाठवलेली पत्रिका फोनमध्ये होती. ती तिनं मला दाखवली आणि मी सहज वाचली. कन्या लग्न, असं मी म्हणाले. आत्या थांबल्या. त्यांच्या पडद्यावर सिंह होतं.

जन्माच्या क्षणी पूर्वेला जी रास उगवत असते तिला लग्न म्हणतात आणि सगळी पत्रिका तिथून मोजतात. हे लग्न आणि मांडवातलं लग्न वेगळं, हे मलाही आत्यांनीच शिकवलं होतं. ती रास बदलली की प्रत्येक ग्रहाचं घर बदलतं. आत्यांनी तारीख, वेळ पुन्हा विचारली. दोन्हीकडे तीच होती. ॲपही तेच निघालं, आमचंच. मग मी गाव बघितलं. गावाचं नावही तेच, मलकापूर. पण त्याखाली अक्षांश-रेखांशाचे आकडे बारीक छापलेले होते, ते मी वाचले, आणि आत्या म्हणाल्या की हे कोल्हापूरच्या पुष्कळ पूर्वेला आलं, हे आपलं मलकापूर असणं शक्य नाही.

मी टॅबवर मलकापूर लिहून सगळी यादी उघडली. तीन मलकापूर निघाले. एक तिकडं विदर्भातलं, एक कराडजवळचं आणि एक आपलं. पुढं तालुका नाही, जिल्हा नाही, नुसते आकडे. आमच्या टॅबला आम्ही कोल्हापुरात आहोत हे ठाऊक होतं, म्हणून तो जवळचं मलकापूर वर दाखवायचा. खतवाल्यांनी आपल्या फोनला ती परवानगी दिली नसावी. त्यांना विदर्भातलं वर दिसलं आणि त्यांनी ते निवडलं. मी तसं करून पाहिलं. कन्या आलं. दोन्ही गावांच्या सूर्योदयात काही मिनिटांचा फरक, आणि मुलगी नेमकी राशीच्या सांध्यावर जन्मलेली.

एवढ्यावर संपलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण सिंह लग्न धरलं की मुलीचा मंगळ चौथ्या घरात येत होता. म्हणजे मंगळाची पत्रिका. ज्या पत्रिकेवर होकार आला होता तिच्यात मंगळ नव्हता.

बापाचा चेहरा पांढरा पडला. हे ॲप वगैरे त्याला काही कळलं नसेल, पण मंगळ हा शब्द कळला. मुलीला आधी दोन ठिकाणांहून नकार आले होते, त्याची कारणं वेगळी होती, पण बाप पोळलेला होता. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "काकी, हितंच ऱ्हाऊ दे की. त्यांनीच काढल्याली पत्रिका हाय. आमी काय फसवलं न्हाय."

मलाही तेच वाटलं, आणि मी तसं बोलले. एका पोरीचं लग्न एका आकड्यावरून मोडायचं का? माझा तर त्या मंगळावर विश्वासच नाही. कुणाला कळणार आहे? आत्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्या नेहमीप्रमाणे किंचित बाजूला बघत होत्या, पण मला वाटलं थेट बघतायत.

"तुझ्या लॅबमध्ये रिपोर्ट चुकीचा गेलाय असं तुला कळलं, तर तू काय करतीस?"

मी म्हटलं, पेशंटला फोन करते.

"आनि पेशंटनं तो रिपोर्ट आवडला म्हणून सांगितलं तर?"

मी टॅबवर गाव पुन्हा आपलं मलकापूर केलं.

मग आत्या बापाला समजावून सांगायला लागल्या. हा मंगळ वृश्चिकेचा आहे, स्वतःच्या घरातला. असा मंगळ जुनी जाणती माणसं दोष म्हणून धरत नाहीत, आणि सिंह लग्नाला तर मंगळ चांगलाच मानतात. हे सगळं त्या तिकडच्या लोकांनाही सांगतील. पण नाहीच म्हणून सांगणार नाहीत. बाप खाली मान घालून बसला. तेव्हा इतका वेळ गप्प असलेली मुलगी बोलली. ती म्हणाली, सांगूनच टाकू या. नंतर कुणी दुसऱ्यानं पत्रिका काढली, तर जन्मभर मला ऐकून घ्यावं लागेल.

आत्यांनी हात पुढं करून तिचा हात शोधला आणि धरून ठेवला. म्हणाल्या, "मी सोता येतो गडहिंग्लजला. तुमी दोघं सांगायचं न्हाय, मी सांगतो." आमच्याकडच्या जुन्या बायका बोलताना 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला कामाला लावलं. टॅबवर आजवर जेवढ्या पत्रिका केल्या होत्या त्या सगळ्यांची गावं पुन्हा तपासायला लावली. मी म्हटलं, आपल्याकडे जवळचंच गाव वर येतं, चूक कशाला होईल. त्यांनी ऐकलं नाही. एक सोलापूरकडची मुलगी होती, तिचं गाव चुकीचं निघालं. लग्नरास बदलत नव्हती, चार-दोन कलांचाच फरक होता, तरी आत्यांनी तिच्या आईला फोन करून सांगितलं. त्या बाईला शेवटपर्यंत कळलं नाही की हा फोन कशासाठी आला.

रविवारी नवऱ्यानं गाडी काढली. पुढं आत्या, मांडीवर टॅब. मागं मी आणि मुलीचे वडील.  रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या आडव्या येत होत्या, नवरा हॉर्न वाजवत होता, आणि मला सारखं वाटत होतं की आपण हे काय करायला निघालोय.

खतवाल्यांनी या पावणं म्हणून दारातच स्वागत केलं. त्यांना वाटलं तारीख पक्की करायला आलो. पोहे झाले, चहा झाला. त्यांची बायको, मुलगा, सगळे समोर बसले. आत्यांनी त्यांना आधी विचारलं, तुम्ही हे ॲप किती दिवस वापरताय. ते खुलले. आपण कशी कशी ॲपं बघितली आणि शेवटी हे एकच कसं खरं निघालं ते सांगायला लागले. आमचीच गोष्ट. जळालेला गुरू त्यांनाही भेटला होता. दोघं हसले. मला वाटलं आता आत्या सांगतील की तुम्ही चुकलात. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी आपला टॅब बंदच ठेवला आणि म्हणाल्या, "तुमच्याच फोनवर सूनबाईची पत्रिका परत काढा बघू. गाव जरा सावकाश निवडा. तीन मलकापूर हायत त्यात. कोल्हापूरचा रेखांश मी सांगतो, त्याच्या जवळचं कुठलं ते तुमीच बघा."

खतवाले बोट फिरवत राहिले. त्यांना गाव सापडलं, त्यांनी बटण दाबलं आणि फोन डोळ्यांजवळ नेला. काय बघायचं ते कुणाला सांगावं लागलं नाही. पत्रिका वाचता येत होती त्यांना. बराच वेळ त्यांनी फोनवरून नजर काढली नाही. मग बायकोकडे बघून हळूच म्हणाले की मंगळ आहे.

आत्यांनी जे मलकापूरच्या बापाला सांगितलं होतं तेच इथं सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. स्वतःच्या घरचा मंगळ, जुनी माणसं धरत नाहीत, पण आहे. आणि चूक कुणाची नाही हेही सांगितलं. ॲपनं गाव विचारलं होतं, एका नावाची तीन गावं असतात हे आपल्याच ध्यानात आलं नाही.

मुलाची आई इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिनं विचारलं, "काकी, माझ्या पोराच्या जिवाला काय न्हाय न्हवं?"

आत्या म्हणाल्या, "आमच्या मालकांस्नी कडक मंगळ हुता. मला न्हवता. माझ्या बाबांनी पत्रिका करून समोर ठिवली आनि म्हणाले, दोष हाय, आता माणूस बघून ये आनि सांग. मी बघून आलो आनि व्हय म्हणालो. मीठ कमी पडलं म्हणून जन्मभर भांडलो दोघं. नातवंडं बघून गेले."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. आपल्या वडिलांच्या पत्रिकेत मंगळ होता हे त्यालाही आजच कळत होतं.

खतवाल्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. विचार करून कळवतो म्हणाले. जेवून जा असंही म्हणाले, पण त्या म्हणण्यात जोर नव्हता. परत येताना मुलीच्या वडिलांना आम्ही मलकापूरच्या एसटीत बसवून दिलं. जाताना ते आत्यांच्या पाया पडले, पण त्यांच्या डोळ्यांत राग होता की काय ते मला सांगता येणार नाही. आत्यांना ते दिसलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

आठवडा तसाच गेला. आत्या दाखवत नव्हत्या, पण फोन वाजला की कान टवकारायच्या. त्या आठवड्यात मी लॅबमध्ये एकेका नमुन्यावरचं नाव दोनदा वाचत होते. एका संध्याकाळी खतवाल्यांचा फोन आला. आधी ते बराच वेळ ॲपबद्दलच बोलत राहिले. रागानं आपण ते फोनमधून काढून टाकलं होतं, मग करमेना म्हणून परत घातलं, मग घरातल्या सगळ्यांच्या पत्रिकांची गावं तपासली. आणखी दोघा-तिघांना मंगळाचं विचारलं. एक म्हणाला चालतंय, एक म्हणाला शांत करून घ्या, एक म्हणाला मोडा. आत्या नुसतं व्हय, व्हय म्हणत होत्या. शेवटी खतवाले म्हणाले की बायको आणि पोरगा दोघांनी मिळून आपला फोन काढून घेतला. बायको म्हणाली, जे घर स्वतःच्या पोरीचा दोष सांगायला गाडी करून येतं, त्या घरची पोरगी मला पाहिजे. तारीख पहिलीच ठेवा.

आत्यांनी फोन ठेवला आणि मला सांगितलं, जा, त्या पोरीला कळव. माझा आवाज फोनवर नीट निघाला नाही. पलीकडं मुलगी दुकानात होती, गिऱ्हाईक समोर असावं, ती नुसतं बरं बरं म्हणाली आणि मग एकदम म्हणाली, काकींना फोन द्या.

लग्न गडहिंग्लजला झालं. खतवाल्यांचा एक चुलतभाऊ मंगळाचं कारण काढून आला नाही. बाकी सगळे आले. मलकापूरचा बाप त्या दिवशी इतका बोलत होता की हाच का तो, असं मला वाटलं.

लग्नानंतर आत्यांनी मला टॅबवर ॲप बनवणाऱ्यांना लिहायला बसवलं. मजकूर त्यांनी सांगितला. तुमचं गणित उत्तम आहे, आम्ही कित्येक पाहिली पण एवढं स्वच्छ काम दुसरीकडं नाही. फक्त गावाच्या नावापुढं तालुका आणि जिल्हा घाला, आमच्याकडे एका नावाची पुष्कळ गावं आहेत. मलकापूरचा किस्सा लिहू का विचारलं तर नको म्हणाल्या, त्यांना उगाच लागेल. दोन ओळींचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार, बघतो. मी सोडून दिलं होतं.

या पावसाळ्यात एक दिवस ॲप नवीन झालं. आत्यांनी सवयीनं एका मुलाची पत्रिका उघडली आणि मला हाक मारली. प्रत्येक गावाखाली आता तालुका होता, जिल्हा होता. आमच्यामुळं झालं की आणखी कुणीही लिहिलं असेल, ते आम्हाला कळायला मार्ग नाही. आत्यांनी मलकापूर लिहिलं, पडदा मोठा केला आणि मान तिरकी करून एकेक अक्षर सरकवत वाचलं. शा, हू, वा, डी. कोल्हापूर.

मग त्यांनी विचारलं की हे करणारी माणसं कोण असतील. मी म्हटलं, कुठल्या तरी शहरात एका खोलीत दोघं-तिघं बसत असतील, माझ्या वयाची नाहीतर माझ्याहून लहान. त्यांनी त्यावर विचार केला. म्हणाल्या, त्यांना लिही, की ऐकलंत, फार बरं वाटलं. आणि कोल्हापूरला कधी आलात तर आमच्याकडे जेवायला या, तिखट चालत नसेल तर आधी कळवा.

मी तसंच लिहिलं आणि खाली घरचा पत्ता घातला.